उलटी धरलेली तलवार

अमेरिकेतील मिसूरी राज्यात, मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरावर वसलेल्या सेंट लुईस नगरात फॉरेस्ट पार्क नावाचे एक विस्तीर्ण उद्यान आहे. आणि त्या उद्यानातील एका टेकाडाच्या माथ्यावर, कलासंग्रहालयाच्या महाद्वारासमोर, अंगात चिलखत, मस्तकी मुकुट आणि खांद्यांवरून घोड्याच्या पाठीवर उतरलेले घोळदार प्रावरण अशा थाटात एक राजा ब्राँझच्या घोड्यावर आरूढ होऊन उभा आहे. मी तो प्रथम पाहिला तो भर हिवाळ्यात. रात्री बर्फ पडून गेले होते, उतार पांढराशुभ्र झाला होता, आणि गावातली शेकडो पोरे लाकडी फळ्या, प्लास्टिकच्या थाळ्या, मिळेल ती वस्तू बुडाखाली घेऊन त्या उतारावरून किंचाळत खाली घसरत होती. ज्या राजाच्या पायाशी हा उत्सव चालला होता त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, आणि माझ्या मते कोणत्याही पुतळ्याला याहून सुखाची अवस्था लाभत नसावी.

माझा भाचा त्या गावी नोकरीला आहे. त्यानेच मला तिथे नेले होते. तो म्हणाला, “मामा, तलवार बघ ना. उलटी धरलीय.” मी चष्मा पुसून वर पाहिले. राजाने उजवा हात उंच केला होता, मुठीत तलवारीचे पाते होते आणि मूठ आकाशाकडे होती. पात्याला आडवी येणारी जी पट्टी योद्ध्याच्या बोटांचे रक्षण करते, तिच्यामुळे त्या उलट्या तलवारीचा सरळ क्रूस झाला होता. शिल्पकाराने ही किमया एका मनगटाच्या वळणात साधली होती: शस्त्र तेच, धातू तोच, केवळ धरण्याची तऱ्हा पालटली की हिंसेचे साधन उपासनेचे चिन्ह होते. त्या क्षणी मला ती कल्पना फार सुंदर वाटली. पुढे त्या राजाचे चरित्र वाचू लागलो तेव्हा तीच कल्पना मला अस्वस्थ करू लागली, आणि तिने माझा पिच्छा अजून सोडलेला नाही.

हा राजा म्हणजे फ्रान्सचा नववा लुई. जन्म १२१४, वयाच्या बाराव्या वर्षी १२२६ मध्ये राज्याभिषेक, १२७० च्या ऑगस्ट महिन्यात ट्युनिसच्या वेढ्यात आमांशाने मृत्यू, आणि १२९७ मध्ये पोप आठवा बोनिफेस याच्याकडून संतपदाची घोषणा. फ्रान्सच्या राजांत रोमच्या चर्चने विधिवत संत म्हणून घोषित केलेला असा हा एकच. १७६४ मध्ये फ्रेंच व्यापाऱ्यांनी मिसिसिपीकाठी आपली वखार थाटली तेव्हा गादीवर पंधरावा लुई होता. त्याच्या या नामपूर्वजाचे, त्याच्या रक्षक संताचे नाव त्यांनी नव्या वस्तीला दिले. पुढे १८०३ मध्ये तो अफाट मुलूख फ्रान्सने अमेरिकेला विकला, आणि त्या खरेदीच्या शताब्दीनिमित्त एका वर्षाच्या विलंबाने १९०४ मध्ये त्याच नगरात एक जागतिक प्रदर्शन भरले. त्या प्रदर्शनाच्या प्रवेशभागी चार्ल्स निहाउस या शिल्पकाराने हा अश्वारूढ राजा उभा केला. मात्र तो ब्राँझचा नव्हता. त्या प्रदर्शनातील बहुतेक सगळ्या वैभवशाली इमारती जशा गिलावा आणि ताग यांच्या मिश्रणाच्या होत्या, जत्रा उठली की पाडून टाकण्यासाठीच बांधलेल्या होत्या, तसाच हा राजाही. आपल्याकडच्या भाद्रपदातल्या शाडूच्या मूर्तीइतकेच त्याचे आयुष्य ठरलेले होते. परंतु लोकांचा जीव त्याच्यावर जडला, म्हणून प्रदर्शनाच्या मंडळाने तो ब्राँझमध्ये ओतवून १९०६ मध्ये नगराला अर्पण केला. (ओतकामाची शिल्पकाराची किंमत मंडळाला परवडेना, काम परभारे एका स्थानिकाला दिले गेले, आणि निहाउस कज्जा घेऊन न्यायालयात गेला; त्याला थोडी भरपाई आणि चौथऱ्यावर नाव, एवढे मिळाले. न्यायप्रिय राजाच्या पुतळ्याची सुरुवातच दाव्याने व्हावी हे मला अगदी यथायोग्य वाटते.) पुढे १९६५ मध्ये नदीकाठी पोलादाची ती प्रचंड कमान उभी राहीपर्यंत, साठ वर्षे हा घोडेस्वारच त्या नगराची मुद्रा होता.

पुतळ्याला जे नाव दिले आहे त्याचा अर्थ ‘संत लुईचे देवत्वारोहण’ असा होतो. ख्रिस्ती धर्मात संत हा देव होत नसतो, तो देवापाशी रदबदली करणारा असतो. देवत्वारोहण हा शब्द रोमन सम्राटांचा आहे, मेल्यावर ज्यांना दरबारी ठरावाने देव केले जाई त्यांचा. शिल्पकाराने किंवा मंडळाने तो शब्द भारदस्त म्हणून उचलला असावा. परंतु मराठी माणसाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या गावोगावच्या वेशींवर, शिवमंदिरांच्या आवारांत जे वीरगळ उभे आहेत त्यांत हेच सांगितलेले असते: खालच्या पट्टीत गाईंसाठी किंवा गावासाठी लढून पडलेला वीर, मधल्या पट्टीत त्याला हाताला धरून वर नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. दगडावरचे ते नाव पुसले गेलेले असते आणि शेंदूर मात्र ताजा असतो. तीन पट्ट्यांत माणूस रणातून कैलासावर पोचतो, आणि त्याने ती तलवार आयुष्यभर आणखी कुठे चालवली, कोणाच्या दारात चालवली, याला त्या दगडावर जागा नसते.

लुईचे तसे नाही. त्याच्या दुर्दैवाने म्हणा वा आपल्या सुदैवाने, त्याला झ्वांव्हिल नावाचा चरित्रकार लाभला. शँपेन प्रांताचा हा सरदार राजाबरोबर धर्मयुद्धावर गेला, त्याच्याबरोबर कैद झाला, राजा गेल्यावर जवळजवळ पन्नास वर्षे जगला आणि वार्धक्यात, १३०९ मध्ये, आपल्या आठवणी पूर्ण करून गेला. या माणसाची राजावर भक्ती होती, पण भक्तीने त्याची जीभ बांधली गेली नव्हती. राजाने एकदा त्याला विचारले की महारोगी होणे बरे की हातून एक महापातक घडणे बरे. तेव्हा, एक सोडून तीस पातके पत्करीन पण महारोग नको, असे त्याने तोंडावर सांगून टाकले, आणि राजाने त्याची जी कानउघाडणी केली तीही जशीच्या तशी लिहून ठेवली. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी राजा गोरगरिबांचे पाय धुई. तू धुतोस का, असे विचारल्यावर, असल्यांचे पाय मी नाही धुणार, असे उत्तर देणारा हाच सरदार. साक्षीदार असावा तर असा.

त्याच झ्वांव्हिलने व्हँसेनच्या रानातील त्या ओकवृक्षाची गोष्ट जगाला सांगितली. उन्हाळ्यात प्रार्थना आटोपली की राजा रानात जाई, ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसे, आणि ज्याची म्हणून काही फिर्याद असेल त्याने चोपदार-हुजऱ्यांच्या अडथळ्यावाचून पुढे येऊन ती मांडावी अशी मुभा असे. दिवाणात अर्ज घेऊन वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या रयतेच्या दृष्टीने त्या झाडाखालच्या सावलीचे मोल किती असेल याची कल्पना, ज्याने कधी कचेरीच्या बाकावर दिवस काढला आहे त्यालाच यायची. परंतु झाडाखालचा न्याय हा राजाच्या स्वभावाचा गुण झाला. लुईचे खरे मोठेपण, मला वाटते, त्याने त्या स्वभावाचे दप्तर केले यात आहे. धर्मयुद्धावर निघण्यापूर्वी, १२४७ मध्ये, त्याने राज्यभर चौकशी करणारे अंमलदार पाठवले. ते बहुतांशी फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन पंथांचे भिक्षू होते, ज्यांना स्वतःच्या मालकीचे काही ठेवण्याची मनाई होती. राजाच्या सुभेदारांनी कोणाकडून बेकायदा वसुली केली, कोणाची जमीन दडपली, कोणाला नाहक कोठडीत घातले याच्या तक्रारी त्यांनी ऐकाव्या, लिहून घ्याव्या आणि झालेले नुकसान सरकारी खजिन्यातून भरून द्यावे, असा हुकूम होता. स्वतःच्या राज्याविरुद्ध कैफियती गोळा करण्यासाठी स्वतःच माणसे नेमणारा राजा त्या काळी विरळा होता. आजही त्यांची गर्दी झाली आहे असे म्हणवत नाही.

धर्मयुद्धाहून परतल्यावर १२५४ मध्ये त्याने जे फर्मान काढले ते तर कोणत्याही महसुली खात्याने भिंतीवर टांगावे असे आहे. सुभेदाराने नजराणा घेऊ नये; आपल्या अंमलाच्या मुलखात जमीन खरेदी करू नये; तेथे आपल्या मुलामुलींची लग्ने जुळवू नयेत; आणि कारकीर्द संपल्यावर, ज्याला त्याच्याविरुद्ध बोलायचे असेल त्याला बोलता यावे म्हणून चाळीस दिवस त्याच मुलखात थांबावे. या शेवटच्या कलमापाशी मी वाचता वाचता थबकलो. बदलीचा हुकूम हाती पडताच रातोरात सामान बांधणाऱ्या अधिकाऱ्यांचा अनुभव ज्या समाजाला आहे, त्याला त्या चाळीस दिवसांचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

हे सर्व तो करीत होता ते प्रजेला खूश ठेवण्यासाठी नव्हे. त्याची अशी पक्की श्रद्धा होती की राजाच्या नावाने गरिबाकडून अन्यायाने उकळलेली दमडी राजाच्या आत्म्याच्या खाती जमा होते आणि परलोकी तिचा जाब द्यावा लागतो. इजिप्तमध्ये १२५० साली तो मुसलमानांच्या हाती कैद झाला आणि प्रचंड खंडणी देऊन सुटला; तेव्हा खंडणी मोजताना आपल्या माणसांनी शत्रूला वजनात दहा हजार लिव्ह्रना फसवले, असे एकाने हसत हसत सांगितले, तर राजा संतापला आणि ती रक्कम पुरती चुकती करवल्यावाचून त्याने तिथून पाय हलवला नाही. शत्रूचा, तोही परधर्मीय शत्रूचा, पैसा बुडवणे हे पाप आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. इथपर्यंत वाचले की त्या उंच धरलेल्या हाताला मनोमन वंदन करावेसे वाटते.

आणि मग त्याच पुस्तकात क्लुनीच्या मठाची हकीकत येते.

क्लुनीच्या मठात ख्रिस्ती धर्मगुरू आणि यहुदी पंडित यांचा वाद चालणार होता. कुबड्या टेकीत आलेल्या एका वृद्ध सरदाराने आधी बोलण्याची परवानगी मागितली, यहुद्यांच्या मुख्य पंडिताला विचारले की मेरीच्या कौमार्यावर आणि मातृत्वावर तुझा विश्वास आहे का, आणि त्याने नाही म्हणताच कुबडी उचलून त्याच्या कानशिलावर हाणली. वाद तिथेच मोडला. यहुदी आपल्या रक्तबंबाळ गुरूला उचलून घेऊन गेले. मठाधिपतीने सरदाराला सुनावले की तू मोठा मूर्खपणा केलास. ही गोष्ट झ्वांव्हिलला खुद्द राजाने सांगितली, आणि तात्पर्यही राजानेच काढले: चांगल्या शास्त्रपंडिताने हवा तर वाद करावा, सामान्य गृहस्थाने मात्र आपल्या धर्माची निंदा ऐकली तर तलवारीने उत्तर द्यावे, आणि ती निंदकाच्या पोटात जाईल तेवढी आत घालावी.

टेकाडावरच्या पुतळ्याने ती तलवार उलटी धरली आहे. पुस्तकातल्या राजाने ती सरळ धरली होती.

हे केवळ बोलणे राहिले नाही. निकोलस दोनॅ या धर्मांतरित यहुद्याने तालमूदावर आरोप ठेवले, १२४० मध्ये पॅरिसला राजमाता ब्लांश हिच्यासमोर त्या ग्रंथाची रीतसर चौकशी झाली, पॅरिसचा रब्बी येहिएल याने ग्रंथाच्या बाजूने जबाब दिला, आणि निकाल ठरल्यासारखाच लागला. त्यानंतर, बहुधा १२४२ मध्ये, ग्रेव्हच्या चौकात चोवीस गाड्या भरून हस्तलिखिते जाळण्यात आली. छापखान्याला तेव्हा अजून दोनशे वर्षे अवकाश होता, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. ज्यांच्या घरी आजोबांच्या हातची एखादी पोथी लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेली आहे, ज्यांनी त्या पोथीच्या समासातील बारीक टिपणे पाहिली आहेत, लेखनिकाने शेवटी ‘पाठ मोडली, मान वाकली, तरी लिहिले, सांभाळून ठेवा’ अशा अर्थाची काकुळतीची विनवणी केलेली पाहिली आहे, त्यांनी चोवीस गाड्यांचा हिशेब आपल्या मनाशी करावा. १२६९ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याच राजाने आपल्या राज्यातील प्रत्येक यहुद्याने छातीवर आणि पाठीवर रंगीत कापडाचे चक्र शिवून हिंडावे असा हुकूम काढला. सावकारी बंद करण्याच्या नावाखाली त्यांच्या मालमत्तेची जप्ती तर त्याआधीच झाली होती.

आता येथे जे दोन सोपे मार्ग आहेत ते दोन्ही मला बंद वाटतात. पहिला असा की राजा ढोंगी होता, ओकखालचा न्याय हा देखावा होता. झ्वांव्हिलचे पुस्तक वाचून हे म्हणणे अशक्य आहे. दुसरा असा की तो काळच तसा होता, आजच्या मापाने जुन्या माणसाला मोजू नये. हा युक्तिवाद ऐकायला समंजस वाटतो, आणि काही बाबतींत तो खराही असतो. परंतु त्याच काळात, त्याच गोष्टीत, सरदाराला मूर्ख म्हणणारा मठाधिपती आहे की नाही? १२४७ मध्ये खुद्द पोप चौथा इनोसंट, तालमूदावाचून आम्हाला आमचा धर्मच पाळता येत नाही ही यहुद्यांची दाद ऐकून काहीसा नरमला होता की नाही? दुसऱ्या वर्षी पॅरिसच्या पंडितांनी पुन्हा दोषाचाच निकाल दिला ही गोष्ट निराळी. ज्या काळावर आपण दोष टाकतो त्या काळात दुसरे मत उपलब्ध होते, आणि राजाने ते ऐकले नाही.

यापलीकडे एक कठीण गोष्ट उरते. लुईने गरिबाची दमडी परत केली ती ज्या सद्सद्विवेकापोटी, त्याच सद्सद्विवेकापोटी त्याने ग्रंथ जाळले. त्याच्या आत दोन माणसे नव्हती. माझ्या राज्यात जे जे पाप घडते त्याचा जाब मला द्यायचा आहे, असे ज्याला रात्रंदिवस वाटते तो राजा लाचखाऊ अंमलदाराला जसा सोडत नाही तसाच परमताच्या ग्रंथालाही सोडत नाही. कारण त्याच्या लेखी दोन्ही आपल्या अंगणातील घाणच असते. आळशी आणि विषयलंपट राजाने तालमूद कदाचित जाळला नसता, कारण त्याला तेवढी पर्वाच नसती. आपण भावशुद्धीला फार मोठे स्थान देतो, भाव तैसा देव असे म्हणतो, आणि उपासनेच्या क्षेत्रात ते खरेही असेल. परंतु भाव शुद्ध असल्याने कृती धर्म्य होते हा सिद्धान्त जर दंडधारी माणसाच्या हाती दिला, तर त्याच्या शुद्धतेची झळ शेजाऱ्याच्या छपराला लागल्यावाचून राहत नाही. संताचा आग्रह त्याच्या स्वतःच्या देहापुरता चालतो: तो उपवास करील, काटे अंथरून झोपेल, ऐकणारे ऐकतील आणि न ऐकणारे घरी जातील. राजाच्या आग्रहामागे शिपाई असतात.

आपल्याकडे याच सुमारास काय घडत होते, ते पाहण्याचा मोह मला आवरत नाही. लुई वारला १२७० मध्ये. त्यानंतर पाचच वर्षांनी ज्ञानदेवांचा जन्म झाल्याचे रूढ मत आहे. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली. पुढच्याच वर्षी लुईला संतपद मिळाले. त्या संतपदामागे पोप बोनिफेसला लुईचा नातू, राजा चौथा फिलिप याच्याशी चाललेले भांडण मिटवायचे होते, हेही एक कारण होते. ज्ञानदेवांना कोणत्याही दरबाराने संत ठरवले नाही. देवगिरीच्या गादीवर रामदेवराव होता, ज्ञानेश्वरीच्या अखेरीस त्याचा गौरवाने उल्लेख आहे, पण राजा राजाच्या ठायी आणि संत संताच्या ठायी राहिला. पुढे शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत धाडल्याची जी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो, तिच्यातही दोघांचे मोठेपण त्या अंतरात आहे. तथापि यावरून आपण फार फुशारून जाऊ नये. ज्ञानदेवांच्या आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या धर्मसभेला राजाच्या तलवारीची गरजच पडली नव्हती, आणि चोखोबांची समाधी आजही पंढरपूरच्या महाद्वाराच्या बाहेर, पायरीपाशी आहे. चक्राचे कापड न शिवताही माणसाला वेगळे काढता येते. आपण त्यात निष्णात होतो.

तरीही आपल्या परंपरेत राजाच्या स्वर्गारोहणाची एक कथा अशी आहे की जी मला त्या पुतळ्यासमोर वारंवार आठवते. धर्मराज युधिष्ठिराचा रथ म्हणे जमिनीपासून चार अंगुळे वर चाले. अश्वत्थाम्याविषयीचे ते अर्धे असत्य त्याच्या तोंडून निघाले आणि रथ भुईला टेकला. एवढ्यावर महाभारतकाराने हिशेब मिटवलेला नाही. युद्ध झाले, राज्य झाले, महाप्रस्थान झाले, बरोबरची सारी माणसे वाटेत पडली, कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारण्याची परीक्षाही तो उतरला, आणि तरीही स्वर्गाच्या दारी पोचल्यावर त्याला आधी नरक पाहावा लागला. इंद्राने कारण स्पष्ट सांगितले: द्रोणाला फसवलेस म्हणून. त्या अंधारात त्याला आपल्या माणसांचे आक्रंदन ऐकू आले, आणि मी इथेच राहतो, माझ्या असण्याने यांना बरे वाटते आहे, असे तो म्हणाला तेव्हा कुठे तो नरक विरला. धर्माचा पुत्र म्हणून त्याला सूट मिळाली नाही. आणि एका असत्यासाठी त्याचा स्वर्गही कोणी काढून घेतला नाही. त्याला फक्त पाहायला लावले.

निहाउसच्या शिल्पात आरोहण आहे आणि नरकदर्शन नाही, ही माझी त्याच्याविरुद्धची तक्रार आहे. चौथऱ्यावर जागा भरपूर आहे.

२०२० च्या जून महिन्यात त्या चौथऱ्याभोवती मोठा कलह झाला. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर अमेरिकेत ठिकठिकाणी पुतळे उतरवले जात होते. त्याच नगरातील दुसऱ्या एका उद्यानातला कोलंबस त्या महिन्यात उतरवला गेला होता. लुईविरुद्धही मागणी झाली: यहुद्यांचे ग्रंथ जाळणारा आणि मुसलमानांवर धर्मयुद्ध नेणारा हा राजा येथे का उभा, नगराला त्याचे नाव तरी का असावे. दुसऱ्या बाजूने कॅथलिक भाविक जपमाळा घेऊन पुतळ्यापाशी जमले आणि मोठ्याने प्रार्थना म्हणू लागले. दोन्ही जमाव समोरासमोर आले, शब्दाला शब्द वाढला, थोडी झोंबाझोंबी झाली. पुतळा राहिला.

त्यावेळी भाच्याने फोनवर विचारले, “तुझं मत काय, मामा? काढावा का?” मी काढू नये म्हणालो, आणि अजूनही माझे तेच मत आहे, परंतु प्रार्थना म्हणणाऱ्यांच्या कारणासाठी नव्हे. गणपतीची आपण प्राणप्रतिष्ठा करतो, दीड दिवस वा दहा दिवस पूजतो, आणि मग ज्याच्यावर एवढी माया केली त्याला स्वतःच्या हाताने पाण्यात सोडून मोकळे होतो. त्या विसर्जनात राग नसतो, म्हणून ते शोभते. ब्राँझच्या राजाचे विसर्जन रागावाचून होत नाही, आणि रागाने पाडलेला पुतळा पडणाऱ्याच्या बाजूची माणसे मनात दुप्पट उंचीचा उभारतात. शिवाय तो नाहीसा झाला तर उतारावर घसरणाऱ्या पोरांपैकी एखाद्याने वर बोट दाखवून, याने तलवार उलटी का धरली आहे, असे विचारण्याचा प्रसंगच उरणार नाही. माझे म्हणणे एवढेच की ते पोर विचारील तेव्हा त्याला ओकवृक्षाबरोबर चोवीस गाड्याही सांगितल्या पाहिजेत, आणि त्या गाड्यांचा आकडा ब्राँझच्या अक्षरांत त्याच चौथऱ्यावर कोरला पाहिजे, राजाच्या घोड्याखाली, जिथे रथ भुईला टेकतो.

ती तलवार, जाता जाता सांगायला हरकत नाही, आजवर अनेकदा चोरीला गेली आहे. रात्री कोणी तरुण चढतात आणि घेऊन जातात. नगराने ती पुन्हा बसवली आहे, आणि दर वेळी उलटीच बसवली आहे.

उद्यानाच्या पश्चिम सीमेवरून जाणाऱ्या स्किंकर मार्गावर वेदान्त सोसायटीचे एक शांत घर आहे. रामकृष्ण संघाच्या स्वामी सत्प्रकाशानंदांनी १९३८ मध्ये तिची स्थापना केली. पुतळा पाहून परतताना आम्ही तिथे थोडा वेळ बसलो. ज्या गुरूने सर्व मार्गांनी साधना करून पाहिली त्याची तसबीर एका बाजूला आणि परमताच्या पोटात तलवार घालावी म्हणणारा संत दुसऱ्या बाजूला, मध्ये फक्त झाडी. भाचा गाडी आणायला गेला होता. मी खिडकीतून टेकाडाच्या दिशेने पाहिले, पण तिथून पुतळा दिसत नाही.

दरवर्षी २५ ऑगस्टला, लुईच्या पुण्यतिथीला, त्या नगरातील कॅथलिक मंडळी आपल्या रक्षक संताचा सण पाळतात. त्याच्या काही दिवस किंवा काही आठवडे आधी यहुद्यांचा तिशा बाव हा शोकाचा उपवास येतो; त्या दिवशी अश्केनाझी परंपरेच्या सिनेगॉगांतून माणसे जमिनीवर किंवा बुटक्या आसनांवर बसून, पॅरिसला जळालेल्या त्या ग्रंथांसाठी रोथेनबुर्गच्या रब्बी मेइर याने रचलेला विलाप म्हणतात. तो म्हणण्यात आजतागायत खंड पडलेला नाही.